अक्षर चांगलं होतं म्हणून

माझ्या वहिनीचं अक्षर चांगलं होतं. तेवढं एक नसतं तर तिचं सगळं वेगळं झालं असतं, असं मी म्हटलं की दादा वैतागतो. "अक्षराचा काय दोष?" म्हणतो. दोष अक्षराचा नाही हे मलाही कळतं. पण माणसांना दोष द्यायला बसलं तर यादी फार लांबते, आणि त्या यादीत माझंही नाव येतं. म्हणून मी आपली अक्षरापासून सुरुवात करते.

वहिनी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. घरी वहिनी, कॉलेजात मॅडम. एकदा चुकून मी भर व्हरांड्यात "वहिनी" अशी हाक मारली, तर मागून येणारा अख्खा वर्ग त्या दिवसापासून तिला वहिनीच म्हणायला लागला. तिला राग आला नाही. "बरं झालं," म्हणाली, "माझ्या तासाला आता घरच्यासारखे झोपतील."

शिकत असताना तिला विद्यार्थी संघाचं अध्यक्षपद लढवायचं होतं. बोलायची खणखणीत. पण बरोबरची मुलं म्हणाली, अध्यक्षाच्या मागे फार पळापळ असते, तू चिटणीस हो, तुझं अक्षर छान आहे. ती चिटणीस झाली. पुढे लग्न होऊन आमच्याकडे आली, नोकरीला लागली, आणि काही वर्षांनी आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. पक्षाची माणसं घरी आली, दादासमोर बसली आणि दादाला विचारती झाली, "वहिनींना उभं करू या का?" वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. दादा म्हणाला, "तिलाच विचारा की. ती काय परगावी गेलीय?"

वहिनी हो म्हणाली. त्या आठवड्यात तिने वॉर्डातली एकेक गल्ली पायाखाली घातली. पाणी कुठे चढत नाही, दिवे कुठे नाहीत, सगळ्याचा एक नकाशा काढला. आठव्या दिवशी उमेदवारी माजी नगरसेवकाच्या बायकोला गेली, आणि तीच माणसं पुन्हा येऊन म्हणाली, बाईंची भाषणं तुम्ही लिहून द्या, तुमचं अक्षर बाईंना वाचायला सोपं जाईल. हिने दिली की लिहून! वर नकाशाही देऊन टाकला. बाई निवडून आल्या. पाच वर्षं सभागृहात पाटी त्यांच्या नावाची होती आणि मागून बोलायचे त्यांचे यजमान. मी वहिनीला म्हटलं, "आता तरी शहाणी हो." ती म्हणाली, "तीन गल्ल्यांत दिवे लागले ना?"

दिवे लागले होते, हे खरंच होतं. आणि तिथेच सगळा घोळ झाला. बोलून जे मिळत नाही ते लिहून मिळतं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

कॉलेजात प्राध्यापकांची सभा महिन्यातून एकदा व्हायची. लांबलचक टेबल, सोळा खुर्च्या, न लागणारी एक खिडकी. प्राचार्यांच्या डाव्या हाताची खुर्ची लिहिणाऱ्याची. त्या खुर्चीचा उजवा हात कापून टाकलेला आहे, लिहिताना कोपर अडकू नये म्हणून. कुणी, कधी कापला ते कुणालाच माहीत नाही. वहिनी नोकरीला लागली त्याच महिन्यात तिला तिथे बसवलं आणि इतिवृत्ताची वही तिच्यापुढे सरकवली. ती सव्वीस वर्षं तिथेच बसली. ती हाताने लिहायची, मी ते टाइप करून सगळ्यांना प्रती वाटायची. मी त्या सभांना दाराजवळच्या स्टुलावर असायचे, हजेरीच्या सह्या घ्यायला आणि लागला तर एखादा कागद आणून द्यायला. माझं ऐकणं कुणी ऐकण्यात धरत नसे.

वही लिहायचे दोन रिवाज होते. ते नियमात कुठेही नाहीत, पण जुन्या प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी वहिनीला सांगितले होते आणि पुढच्या प्रत्येक प्राचार्यांनी ते पाळले. पहिला, लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव लिहायचं नाही. आपणच लिहायचं आणि त्यात आपलंच नाव घालायचं, हे बरं दिसत नाही. दुसरा, भांडण वहीत न्यायचं नाही. खोलीत कितीही हमरीतुमरी होवो, वहीत शेवटी यायचं ते एकच वाक्य: "चर्चेअंती सर्वानुमते ठरले." एकदा तर दोन विभागप्रमुख एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. ते भांडणसुद्धा मी सर्वानुमते टाइप केलेलं आहे.

वहिनी त्या सभांत बोलायची नाही असं समजू नका. भरपूर बोलायची, आणि मुद्द्याचं बोलायची. फक्त ते वहीत नसायचं. तिचाच मुद्दा दुसऱ्या कुणी पाच मिनिटांनी पुन्हा मांडला की तो त्याच्या नावावर यायचा, आणि लिहायची तीच! मला मेलीला टाइप करताना कळायचं, हे हिचं आहे. मी घरी कुरकुर केली की ती हसायची. "नाव गेलं तर गेलं, काम झालं ना?" मुलींच्या खोलीला आतून कडी बसली ती तिच्या एका शब्दामुळे. ठरावात कुणाचं लक्ष नसताना तिने "तातडीने" असं घातलं होतं. मग सहा महिने तो शब्द प्राचार्यांना दाखवत राहिली, शेवटी सुतार आला. असे शब्द पेरण्यात तिचा हातखंडा. वर्गात ती मुलांना प्रतिनिधित्वाचा धडा शिकवायची, स्त्रियांचा आवाज वगैरे, आणि तिथून उठून येऊन त्या हात कापलेल्या खुर्चीत बसायची. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण मी टायपिस्ट, मला कोण विचारतंय?

आता नवीबद्दल सांगते. ती वहिनीच्याच विभागात शिकवायची. दर वर्षी अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक महिना घरी, मग पुन्हा अकरा महिने. अशी सहा वर्षं झाली तरी सगळे तिला नवीच म्हणायचे. शिकवायची छान, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. आई अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याचं काम सुटलेलं. सातव्या वर्षी तिला कायम करायचं, असं प्राचार्यांनी तोंडी कबूल केलं होतं. सहाव्या वर्षाच्या शेवटी तिला दिवस गेले.

वर्षाअखेरच्या सभेत तिचा विषय विषयपत्रिकेवर नव्हताच. तो आला "आयत्या वेळचे विषय" ह्या शेवटच्या कलमात. लोक कागद गोळा करायला लागतात, अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं, ती ही वेळ. प्राचार्य म्हणाले, "राज्यशास्त्राच्या त्या हंगामी बाईंची नेमणूक पुढे चालवू नये असं वाटतं. आल्या आल्या रजेवर जातील. आणि खरं सांगू का, तशा अवस्थेत वर्गापुढे उभं राहणं बरंही दिसत नाही."

वहिनीने पेन खाली ठेवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणाली, "सर, मी दोन्ही वेळा नवव्या महिन्यापर्यंत इथेच शिकवलंय. तेव्हा कुणाला वाईट दिसलं नव्हतं."

"तुमची गोष्ट वेगळी होती, मॅडम. तुम्ही कायम होता."

"म्हणजे कायम नोकरीतलं पोट दिसत नाही? ह्या कारणासाठी काढणं चूक आहे, सर, बेकायदा आहे. माझा ह्याला विरोध आहे."

टेबलाभोवती तेरा पुरुष होते आणि आणखी दोन बायका. कुणी कपाच्या तळाशी बघत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. प्राचार्य अगदी गोड आवाजात म्हणाले, "बरं, तुमचं म्हणणं ऐकलं. आता लिहा, कार्यभार कमी असल्यामुळे. सर्वानुमते."

आणि तिने पेन उचललं.

दुसऱ्या दिवशी ते पान माझ्याकडे टाइप करायला आलं. मोत्यासारखं अक्षर. "कार्यभार कमी असल्यामुळे सदर नेमणूक तूर्तास पुढे चालू ठेवू नये, असे चर्चेअंती सर्वानुमते ठरले." मी ते तसंच घेऊन तिच्या स्टाफरूममध्ये गेले. म्हटलं, "मॅडम, सर्वानुमते कसं? तुमचा विरोध होता ना?"

तिने दार लोटलं. "अगं, आज विरोध लिहिला तर उद्या वही माझ्या हातात राहील का? मग तिच्यासाठी कोण काय करणार आहे? तू नीट वाच. 'तूर्तास' घातलंय. सरांच्या लक्षातही आलं नाही. नवं वर्ष सुरू झालं की त्याच शब्दावर बोट ठेवून तिला परत घेते. बघच तू."

मी वाचलं. मला ते पटलं, हेही कबूल करते. मुलींच्या खोलीची कडी मी रोज बघत होते ना! मी टाइप केलं, तीन वेळा तपासलं, प्रती वाटल्या.

नवं वर्ष सुरू झालं आणि नवीच्या जागी दुसरा माणूस आला. वहिनी वही घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेली, "तूर्तास" वर बोट ठेवलं. प्राचार्य म्हणाले, "हो ना मॅडम. अजून तूर्तासच चाललंय." त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही.

नवीने शिक्षकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. पोट दिसलं म्हणून काढलं, एवढंच तिचं म्हणणं. ते सिद्ध करायचं तर त्या खोलीत काय बोललं गेलं ते कुणीतरी सांगायला हवं होतं. ती एकेकाच्या दारी गेली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. ती माझ्याकडेही आली, ऑफिसात, मूल कडेवर घेऊन. "तुम्ही स्टुलावर होता ना? तुम्ही ऐकलंय ना?" माझी चार वर्षं उरली होती निवृत्तीला. मी म्हटलं, "मी सह्या घेत होते हो, माझं लक्ष नव्हतं." बाळाने माझ्या टेबलावरचा स्टॅम्प उचलला होता तो तिने काढून जागेवर ठेवला आणि ती गेली. मला त्या दिवशी स्वतःची शिसारी आली. पण शिसारी येऊनही मी दुसऱ्या दिवशी तिला शोधत गेले नाही.

वहिनी मात्र साक्षीला उभी राहिली. दादाने तिला परोपरीने सांगितलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला? तुझ्याच सहीचा कागद आहे." ती म्हणाली, "म्हणूनच जायला हवं."

मी रजा टाकून मागच्या बाकावर जाऊन बसले. छोटीशी खोली, फायलींचे गठ्ठे, वर एक कुरकुरणारा पंखा. समोर अधिकारी म्हणून एक बाईच बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, शांत. मला वाटलं, झालं आपलं काम. वहिनीने सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. प्राचार्य काय म्हणाले, ती काय म्हणाली. नवी पहिल्या बाकावर होती, तिचे खांदे जरा सैल झालेले मला मागून दिसले.

मग कॉलेजचा वकील उठला. आरडाओरडा काही नाही. त्याने वही पुढे ठेवली.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सही?"

"माझीच."

"इथे सर्वानुमते लिहिलंय. तुम्ही विरोध केला म्हणता. मग हे खोटं लिहिलंत?"

"तो रिवाज आहे. सगळेच ठराव तसे लिहितात."

"म्हणजे सव्वीस वर्षं खोटंच लिहीत आलात?"

वहिनीने वही स्वतःकडे ओढून ते पान पुन्हा वाचलं.

"बरं, ते राहू द्या. ह्या सगळ्या वह्या इथे आहेत. तुम्ही कोणत्याही सभेत, कोणत्याही विषयावर एक शब्द बोललात, असं एक पान दाखवा."

अधिकारी बाईंनी वहिनीपुढे वह्या सरकवायला सांगितलं. वहिनी पानं उलटायला लागली. तिला माहीत होतं की नाहीये. मला माहीत होतं, टाइप मीच केलंय सगळं. तरी ती उलटत राहिली. त्या पानापानांत तिचे मुद्दे होते, तिची वाक्यं होती, आणि वर नावं दुसऱ्यांची. तिसऱ्या वहीवर तिने हात थांबवला आणि मिटून ठेवली.

"शेवटचा प्रश्न," वकील म्हणाला. "हा 'तूर्तास' कुणी घातला?"

"मी." हे ती जरा ताठ होऊन म्हणाली. तिला वाटलं, आता तरी सांगता येईल.

"आभारी आहे." तो अधिकाऱ्यांकडे वळला. "बाईसाहेब, कॉलेजने ह्यांना काढलेलंच नाही. तूर्तास थांबवलंय, एवढंच. इतक्या ज्येष्ठ प्राध्यापिकेने विचार करून घातलेला शब्द आहे. ज्यांना काढलंच नाही त्यांनी काढल्याची तक्रार कशी करायची?"

नवीने मान वळवून वहिनीकडे बघितलं. ते बघणं मी कधी विसरणार नाही.

निकाल पंधरा दिवसांनी आला. अर्ज फेटाळला. अधिकारी बाईंनी लिहिलं होतं की साक्षीदार प्रामाणिक वाटतात, परंतु त्यांच्याच हस्ताक्षरातील पुरावा त्यांच्या विरुद्ध जातो. निकालाची प्रत घेऊन बाहेर पडल्यावर व्हरांड्यात वहिनी नवीजवळ गेली. काय बोलायचं ते बहुतेक तिने ठरवलं नव्हतं. नवीच म्हणाली, "एक ओळ, मॅडम. एकच ओळ लिहायची होती." आणि बाळाला घेऊन जिना उतरून गेली. नंतर कळलं, ती कुठल्याशा दुकानात माल मोजायच्या कामाला लागली. शिकवणं सुटलं ते सुटलंच.

पुढच्या सभेत लिहिणाऱ्याच्या खुर्चीत मी होते. "टायपिंग तुम्हीच करता, तर लिहाही तुम्हीच," असं प्राचार्य म्हणाले, आणि वर हसून, "अक्षरही बरंय तुमचं." माझं अक्षर बरं नाही. वहिनी पहिल्यांदाच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या हातांनी बसली होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. ते एकदा टेबलावर यायचे, एकदा मांडीवर जायचे.

आयत्या वेळच्या विषयात ठराव आला, की संस्थेविरुद्ध साक्ष देऊन संस्थेची बदनामी केल्याबद्दल राज्यशास्त्राच्या मॅडमना समज देण्यात यावी.

वहिनी उभी राहिली. वर्गात उतरवून घ्यायला सांगते तशी, एकेक शब्द सुटा करून, मध्ये थांबत, माझ्याकडे बघत म्हणाली, "ह्या ठरावाला माझा विरोध आहे. तो माझ्या नावाने नोंदवावा."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिने पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश. मला लिहायला वेळ मिळावा म्हणून.

प्राचार्य माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर्वानुमते."

मी सर्वानुमते लिहिलं. दादाला अजून हे माहीत नाही. त्याला वाटतं, कुणीतरी दुसरं लिहीत होतं.

त्या दिवशी घरी रोजच्यासारखा चहा झाला. मी तोंड उघडलं की ती कपबशा गोळा करायला उठायची.

दोन दिवसांनी मी प्रती घेऊन स्टाफरूममध्ये गेले. प्रत मिळाल्याची सही एका वेगळ्या कागदावर घ्यायची असते. मी तो तिच्यापुढे धरला. म्हटलं, "मॅडम, सही." तिने प्रत आधी पूर्ण वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग सही केली, आणि सहीच्या खाली लिहिलं, "माझा विरोध होता." खाली स्वतःचं पूर्ण नाव, तारीख, वेळ. मोत्यासारखं अक्षर. सव्वीस वर्षांत तिच्या नावावर झालेली ही पहिली नोंद.

पोचेचे ते कागद कुणी जपत नाही. वर्ष संपलं की रद्दीत जातात. हे तिला माहीत होतं, तिनेच मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. ह्या वर्षीची रद्दी मी बांधली. तो कागद वरच होता. मी तो बाजूला काढला, थोडा वेळ हातात धरला, आणि निवृत्तीला माझी चार वर्षांतली तीन उरली आहेत म्हणून परत गठ्ठ्यात घालून सुतळीची गाठ मारली.